पेशंट बिघडतोय असं वाटतंय, पण डॉक्टरांना फोनवर नेमकं सांगायचं काय?

नवी_सिस्टर
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचक होते, पहिल्यांदा धागा काढतेय तर सांभाळून घ्या. आमचा मेडिसिन आणि सर्जरी असा मिक्स वॉर्ड आहे, नाईटला स्टाफ कमी असतो हे सांगायला नकोच. प्रश्न असा आहे की कधी कधी पेशंटकडे बघून वाटतं की काहीतरी गडबड आहे, संध्याकाळी बोलत होता तसा आता बोलत नाहीये, सारखा कूस बदलतोय, चेहरा वेगळाच दिसतोय. पण बीपी घेतलं तर बरं असतं, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) पण ठीक. मग फोन केला की पलीकडून "व्हायटल्स काय आहेत? नॉर्मल आहेत ना? मग?" आणि त्या "मग" च्या पुढे माझ्याकडे काही नसतं. फोन नाही करावा तर सकाळच्या राऊंडला "आधी का नाही कळवलं" हे ठरलेलंच. कॉलेजमध्ये सगळं शिकवलं पण हे कुठेच नव्हतं. जाणकारांनी सांगा, बघायचं काय आणि बोलायचं काय?

जुनी_खोड
आधी मला एक सांग बाळा, तुझ्या वॉर्डच्या टीपीआर चार्टवर (ताप, नाडी, श्वास लिहितो तो) आरच्या म्हणजे श्वासाच्या रकान्यात काय आकडे असतात? पैजेवर सांगते, २०, २०, १८, २०, २२ च्या वर कोणी जातच नाही. सगळा वॉर्ड एकाच तालात श्वास घेतो! टेंपरेचर थर्मामीटर दाखवतो, बीपी मशीन दाखवतं, श्वास मात्र आपल्याला उभं राहून मोजावा लागतो म्हणून तोच सगळ्यात जास्त अंदाजपंचे लिहिला जातो. आणि गंमत अशी की बिघडणाऱ्या पेशंटमध्ये बऱ्याचदा तोच आधी बदलतो, बीपी पडतं ते खूप नंतर.

मोजायची पद्धत: मनगट हातात धरायचं, नाडी मोजतोय असंच पेशंटला वाटू दे, आणि नजर छातीवर किंवा पोटावर. "तुमचा श्वास मोजतेय" असं सांगितलं की माणूस लगेच श्वास बदलतो. पूर्ण एक मिनिट मोजायचा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाच्या चुकीचे चार होतात. मोठ्या माणसाला आरामात पडलेला असताना १२ ते २० ठीक. २४-२५ दिसला तर पाच मिनिटांनी परत मोज, आणि तेव्हाही तेवढाच असेल तर तुझ्या त्या "मग" ला उत्तर मिळालं असं समज.

आयसीयूवाला
ताईंना +१०००. यात एक भर घालतो, सॅच्युरेशन ठीक आहे म्हणून श्वास ठीक आहे असं अजिबात नाही. पेशंट मिनिटाला तीस श्वास घेऊन ९६ टिकवत असेल तर त्याने ते मेहनतीने टिकवलंय, दमला की धाडकन खाली येणार. सेप्सिसमध्ये (इन्फेक्शनमुळे अवयव बिघडायला लागतात तेव्हा) किंवा डायबेटिक किटोॲसिडोसिसमध्ये रक्तात आम्ल वाढतं, ते कमी करायला शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकायला लागतं म्हणून श्वास वाढतो, तिथे फुफ्फुसं चांगली असतात आणि सॅच्युरेशन मस्त ९८ येतं. त्यामुळे बोटाला लावलेल्या सॅच्युरेशनच्या प्रोबकडे बघून समाधान मानणाऱ्यांनी जरा मान वर करून पेशंटकडे पण बघावं, मानेचे स्नायू ओढले जातायत का, एक वाक्य पूर्ण बोलतोय का की दोन शब्दांनी थांबतोय.

प्रोबच्या पण भानगडी आहेत. हात गार असेल, नेलपॉलिश असेल, पेशंट थरथरत असेल तर आकडा खोटा. सावळ्या-काळ्या त्वचेवर आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त दाखवला जाऊ शकतो. धुरात सापडलेल्या माणसाचं तर विचारूच नका, कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन या मशीनला ऑक्सिजनवालंच वाटतं.

आणि उलटी बाजू पण लक्षात ठेवा, श्वास कमी होणं. ऑपरेशननंतर मॉर्फिन, फेंटानिलसारखं दुखण्यावरचं कडक औषध चालू असलेला पेशंट घोरतोय म्हणजे "चला, एकदाची झोप लागली" असं नसतं प्रत्येक वेळी. या औषधांमध्ये आधी गुंगी वाढते आणि मग श्वास मंदावतो. त्यामुळे हाक मारून, खांदा हलवून उठतो का बघायचं. उठून बोलता बोलता परत झोपला, किंवा श्वास ८ वर आला तर थांबायचं नाही, औषध बंद करून लगेच कळवायचं आणि त्यावरचा उतारा नॅलोक्सोन कुठे ठेवलंय ते आधीच माहीत असलं पाहिजे, तेव्हा कपाट उचकत बसायला वेळ नसतो. ऑक्सिजन लावलेला असेल तर अशा पेशंटचं सॅच्युरेशन बराच वेळ चांगलं राहतं हा आणखी एक फसवा प्रकार.

शिकवणारी_बाई
चांगला धागा. "मग" च्या पुढे काय यावर उपाय म्हणून बऱ्याच ठिकाणी स्कोअर वापरतात. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये न्यूज (NEWS) नावाचा अर्ली वॉर्निंग स्कोअर, म्हणजे पेशंट बिघडतोय हे लवकर ओळखायची गुणपद्धत, आणला, २०१७ मध्ये सुधारून न्यूज-२ केला. श्वासाचा वेग, सॅच्युरेशन, ऑक्सिजन लावलाय का, सिस्टॉलिक बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप, एवढ्या गोष्टींना ० ते ३ गुण (ऑक्सिजन लावला असेल तर सरळ २) आणि सगळ्याची बेरीज.

उदाहरण घेऊ म्हणजे पटेल. पोटाचं ऑपरेशन झालेला पेशंट, दुसरा दिवस. श्वास २४, सॅच्युरेशन ९४ ऑक्सिजनशिवाय, बीपी १०४/७०, नाडी ११२, ताप ३८.४ सेल्सियस, पूर्ण शुद्धीवर. एकेक आकडा फोनवर सांगून बघा, कोणीही म्हणेल की थोडा ताप आहे, पॅरासिटामॉल द्या. आता गुण लावा. श्वासाचे २, सॅच्युरेशनचा १, बीपीचा १, नाडीचे २, तापाचा १. झाले ७. आणि ७ म्हणजे त्या पद्धतीत इमर्जन्सी, सीनियर डॉक्टरांनी ताबडतोब बघायचं आणि सतत मॉनिटरिंग. ५ आणि ६ ला तातडीने डॉक्टर, आणि एकाच गोष्टीचे ३ गुण आले तरी बेरीज कितीही असो, कळवायचं.

दोन सूचना. हा स्कोअर १६ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना लावायचा नाही, त्यांचे वेगळे आहेत. आणि सीओपीडीच्या (फुफ्फुसाच्या जुनाट आजाराच्या) ज्या पेशंटांना डॉक्टरांनी ८८ ते ९२ चं टार्गेट दिलंय त्यांच्यासाठी सॅच्युरेशनचा वेगळा रकाना असतो, त्यांना ९८ वर नेऊन ठेवणं हे कौतुकाचं काम नाही.

चौथा_मजला
बाई, आदर ठेवून बोलतेय पण हे सगळं कागदावर छान वाटतं हो. एका सिस्टरच्या वाट्याला किती पेशंट असतात, त्यात इंजेक्शनं, अॅडमिशन, डिस्चार्ज, स्टोअरचं इंडेंट, नातेवाइकांचे प्रश्न, आणि त्यात प्रत्येकाचा एक एक मिनिट श्वास मोजून बेरजा? आमच्याकडे मागे असाच एक चार्ट आला होता, सगळ्यांनी ड्युटी संपताना एकदम बसून भरला, सगळ्यांचे शून्य! मला तर वाटतं अनुभवाने येणारी नजर जास्त खरी, दारातून आत आल्यावर मला कळतं कोण बिघडणार ते.

आयसीयूवाला
@चौथा_मजला, नजर खरीच असते, वाद नाही. पण तुमची नजर धागाकर्तीला कशी देणार? आणि तुम्ही सुट्टीवर असताना वॉर्डने काय करायचं?

जुनी_खोड
दोघंही बरोबर आहात, भांडू नका. स्टाफ कमी असणं हा खरा प्रश्न आहे आणि तो चार्ट छापून सुटत नाही, हे वरच्यांना कोणीतरी सांगायलाच हवं. पण सगळ्यांचा सारखा वेळ घ्यायची गरजच नाही. ओव्हर (ड्युटी बदलताना आधीच्या सिस्टरकडून पेशंटची माहिती) घेताना ठरवून टाकायचं की आज रात्री माझे बघायचे पेशंट कोण. ऑपरेशन होऊन पहिली-दुसरी रात्र, आयसीयूमधून नुकताच बाहेर आलेला, ज्याचं अँटिबायोटिक आज बदललंय, ज्याचं युरिन कमी झालंय, आणि ज्याच्याबद्दल आधीची सिस्टर म्हणाली "तसा बराय, पण...". त्या "पण" वाल्याकडे आधी जायचं. ओव्हर पण शक्यतो बेडजवळ घ्यावी, स्टेशनवर बसून घेतलेल्या ओव्हरमध्ये ड्रीप चालू असते आणि प्रत्यक्षात कधीची बंद पडून हात सुजलेला असतो.

बाकी ड्युटी संपताना चार्ट भरणं हा वेगळाच विषय आहे, त्यावर मी बोलायला लागले तर धाग्यावर नुसते वादच होतील.

स्टेथोस्कोप
मी पलीकडच्या टोकाचा, म्हणजे रात्री फोन उचलणारा. चिडणारे असतात, नाकारत नाही, आणि त्याचं समर्थनही नाही. पण मला काय हवं असतं ते सांगतो. "सर, बेड १२ चा पेशंट बरा नाहीये, बघता का" यातून मला काहीच कळत नाही, धावत यायचं की सकाळी बघायचं. एसबार नावाची पद्धत आहे, अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांमधून दवाखान्यांत आली. आधी आत्ता काय झालंय, मग पेशंटची मागची माहिती, मग तुम्हाला काय वाटतंय, आणि शेवटी तुम्हाला माझ्याकडून काय हवंय. वरच्या बाईंचाच पेशंट घेतो:

"सर, सर्जिकल वॉर्डमधून स्टाफ बोलतेय, बेड १२ बद्दल. श्वास २४ झालाय, दोनदा मोजला, संध्याकाळी १६ होता. नाडी ११२, बीपी १०४/७०, ताप ३८.४, सॅच्युरेशन ऑक्सिजनशिवाय ९४. आतड्याचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस, संध्याकाळपासून पोट जास्त दुखतंय म्हणतो, गेल्या दोन तासांत युरिन ४० एमएल. मला इन्फेक्शनची शंका येतेय, किंवा आत लीक. तुम्ही आत्ता येऊन बघावं असं मला वाटतं. तोपर्यंत काय सुरू करू, ब्लड काढून ठेवू का?"

अर्धा मिनिट लागतो. यावर कुठलाही धड डॉक्टर "मग?" म्हणणार नाही. यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे "संध्याकाळी १६ होता". सुटा आकडा मला फारसं सांगत नाही, बदल सांगतो. आणि निदान चुकलं तरी चालेल हो, ते बरोबर ठरवणं माझं काम आहे, तुम्ही शंका बोला फक्त. फोन करायच्या आधी फाईल, ड्रग चार्ट आणि इनटेक-आऊटपुट समोर घेऊन उभं राहा म्हणजे "एक मिनिट हं सर, बघून सांगते" असं होत नाही.

नवी_सिस्टर
सर, खूप खूप आभार, हे लिहून खिशात ठेवतेय. पण "तुम्ही येऊन बघावं असं मला वाटतं" हे मी म्हणायचं? जरा आगाऊपणा नाही का वाटणार? आणि एवढं सांगूनही नाही आले तर?

शिकवणारी_बाई
आगाऊपणा नाही, तो त्या पद्धतीचा चौथा भागच आहे आणि तोच सगळ्या मुली गाळतात. तीन भाग व्यवस्थित सांगतात आणि शेवटी "कळवायचं होतं म्हणून फोन केला सर". मग त्यांनी पण ऐकून ठेवून दिला तर दोष कोणाचा?

नाही आले तर पायऱ्या चढायच्या. "सर, मला या पेशंटची काळजी वाटतेय." तरी नाही, "सर, नुसतं फोनवर भागवणं मला ठीक वाटत नाहीये." तरीही नाही, "सर, हे पेशंटसाठी सुरक्षित नाहीये, मी सीनियरना कळवतेय." आवाज न चढवता, पण थांबायचं नाही. इनचार्जला किंवा नाईट सुपरवायझरला सोबत घ्यायचं, एकटीने लढायची गरज नाही. आणि पेशंट हाक मारून प्रतिसाद देत नसेल, श्वास नीट नसेल तर या पायऱ्या वगैरे विसरा, सरळ कोड टीम (श्वास-हृदय थांबतंय असं दिसलं की धावून येणारी टीम) बोलवा.

जुनी_खोड
आणि लिहा. लिहा. लिहा. "डॉक्टर इन्फॉर्म्ड" एवढं लिहून काही होत नाही, उद्या चौकशी झाली तर कोणते डॉक्टर, किती वाजता, काय सांगितलं, त्यांनी काय म्हटलं हे सगळं विचारतात. वेळ, आकडे, कोणाला सांगितलं, काय ऑर्डर मिळाली, आपण काय केलं, आणि मग अर्ध्या तासाने पेशंट कसा होता. चूक झाली तर एक रेघ मारून सही, व्हाइटनर किंवा खाडाखोड नाही. नंतर आठवून लिहिलं तर "उशिरा नोंद" असं म्हणून आत्ताची वेळ टाकून लिहायचं. आधीच पुढच्या वेळेचे व्हायटल्स भरून ठेवणाऱ्या मुली मी बघितल्यात, पेशंट दोनला गेला आणि चार्टवर चारचं बीपी, मग कोण वाचवणार?

फोनवर ऑर्डर मिळाली तर लगेच लिहून परत वाचून दाखवायची. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून "एक पाच का पाच शून्य?" असं सुटे आकडे विचारायचे. इन्सुलिन, हेपारिन, पोटॅशियम असलं काही असेल तर दुसऱ्या सिस्टरने वेगळं तपासल्याशिवाय हात लावायचा नाही. पोटॅशियम क्लोराइड तर डायल्यूट न करता शिरेत कधीच नाही, हृदय थांबतं. हे सगळ्यांना माहीत आहे तरी लिहितेय.

केतकीचं_पान
मी नर्स नाही, पेशंटची मुलगी म्हणून लिहिते. वडील ॲडमिट होते तेव्हा मी रात्री सांगत होते की बाबा वेगळेच बोलतायत, मला ओळखत नाहीयेत नीट. "वय झालंय, जागा बदलली की होतं असं" एवढंच उत्तर मिळालं. सकाळी कळलं की इन्फेक्शन अंगात पसरलं होतं. बरे झाले, घरी आले, तक्रार म्हणून नाही सांगत. पण नातेवाईक काही सांगत असतील तर ते ऐकायचं असतं असं तुम्हाला शिकवतात का?

शिकवणारी_बाई
@केतकीचं_पान, शिकवायला हवं तेवढं शिकवत नाहीत, हे खरं उत्तर. तुम्ही जे पाहिलंत त्याला त्या स्कोअरमध्ये "नव्याने आलेला गोंधळ" म्हणतात आणि त्याचे एकट्याचे ३ गुण आहेत. म्हणजे बाकी सगळे आकडे नॉर्मल असले तरी कळवायचं. आणि नव्याने आलाय की नेहमीचा, हे घरच्यांशिवाय कोण सांगणार? आम्ही त्या माणसाला पहिल्यांदाच बघत असतो.

इंग्लंडमध्ये मार्था मिल्स नावाची १३ वर्षांची मुलगी २०२१ मध्ये सेप्सिसने गेली, आईवडील काळजी बोलून दाखवत होते पण वेळेत ऐकलं गेलं नाही. त्यानंतर तिथे २०२४ पासून "मार्थाज रूल" सुरू झाला, घरच्यांना किंवा पेशंटला स्वतःला वाटलं तर ते दुसऱ्या टीमकडून तपासणी मागू शकतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये "रायन्स रूल" त्याच्याही आधीपासून आहे.

म्हातारपणी गोंधळ झाला की भडभड बोलणारा, सलाईन ओढणारा पेशंट लगेच लक्षात येतो. गप्प पडून राहणारा, जेवायला नको म्हणणारा, सारखा झोपलेला मात्र "शांत पेशंट" म्हणून सुटतो, आणि तोही डिलिरियमच (आजारपणात अचानक येणारा गोंधळ) असू शकतो. अशा वेळी आधी शुगर बघा, ७० च्या खाली असेल तर तिथेच उत्तर आहे. मग ऑक्सिजन, ताप, युरिन अडकलंय का, दुखतंय का, नवीन कुठलं औषध सुरू झालंय. आणि चष्मा, कानाचं मशीन लावलंय का ते पण बघा, निम्मा गोंधळ कधी कधी ऐकू न येण्याचाच असतो.

केतकीचं_पान
धन्यवाद. चष्मा खरंच पिशवीत होता त्यांचा.

नवी_सिस्टर
अजून एक शंका, मग छळत नाही. ऑपरेशनच्या पेशंटला आतून ब्लीडिंग होत असेल तर ड्रेनमध्ये (ऑपरेशनच्या जागेतलं पाणी-रक्त बाहेर काढणाऱ्या नळीत) दिसेलच ना? की बीपीवर अवलंबून राहायचं?

स्टेथोस्कोप
दोन्हीवर नाही. ड्रेनमध्ये रक्ताची गाठ अडकून तो कोरडा दिसू शकतो, आत पोट भरत असतं. आणि बीपी फार उशिरा पडतं, निरोगी माणसाचं साधारण ३० टक्के रक्त जाईपर्यंत सिस्टॉलिक टिकून राहू शकतं. त्याआधी नाडी वाढते, वरचा आणि खालचा आकडा जवळ येतात, समजा १२०/८० चं ११२/९२ झालं, हातपाय गार पडतात, नख दाबून सोडलं की रंग यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागतात, पेशंट अस्वस्थ होतो, पाणी मागतो. युरिन कमी होतं, वजनाच्या दर किलोला तासाला अर्धा एमएल हा हिशोब, म्हणजे ६० किलोच्या माणसाला तासाला ३० एमएल. वरच्या उदाहरणातले दोन तासांत ४० म्हणूनच वाईट.

आयसीयूवाला
फक्त फोन करायच्या आधी कॅथेटर दुमडलंय का, पेशंट नळीवर झोपलाय का ते बघून घ्या, नाहीतर डॉक्टर धावत येतात आणि नळी सरळ केली की बॅग भरते 😄

चौथा_मजला
हे मात्र खरं. आणि माझ्याकडून एक: बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारं औषध) चालू असलेल्या पेशंटची नाडी फारशी वाढत नाही, पेसमेकरवाल्यांचंही तेच, त्यामुळे "नाडी ८० आहे, म्हणजे ठीक" असं धरून बसू नका. म्हाताऱ्या माणसांना सेप्सिसमध्ये ताप येईलच असं नाही, कधी अंग उलट गार पडतं. स्टेरॉईड किंवा पॅरासिटामॉल चालू असेल तरी ताप झाकला जातो. नजर नजर म्हणते मी, ती यातूनच आलीय म्हणा.

नवी_सिस्टर
वाचनखूण साठवली! आमच्याकडे न्यूजचा छापील चार्ट नाहीये, इनचार्ज मॅडमना विचारून बघू का? की आधी स्वतःच कागदावर सुरू करू?

जुनी_खोड
आधी मॅडमना विचार, अधिकृत फाईलमध्ये स्वतःचे कागद घालायचे नसतात. त्या हो म्हणेपर्यंत आरचा रकाना तरी खरा भरायला लाग, आणि ओव्हर देताना "आर २४, संध्याकाळी १६ होता" असं मोठ्याने सांग, पुढची सिस्टर आपोआप मोजेल. मॅडम काय म्हणाल्या ते इथे येऊन कळव.